अण्णांना डोंबिवलीला आणण्याआधी

प्रश्न : माझ्या वडिलांना, अण्णांना, काचबिंदू आहे. डावा डोळा पूर्ण गेला, उजव्याने समोरचं थोडं दिसतं. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. वय ६३. गुहागर तालुक्यात समुद्राकाठच्या वाडीत आई-अण्णा दोघंच असतात. थोडी सुपारी, थोडे माड. रस्त्यावरून घरी यायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरावी लागते, तिथे ते दोनदा पडले. देवळातलं भजन सोडलं. लांबून येणारी एस्टी ओळखतात आणि पायाजवळची घागर लाथाडतात, म्हणून वाडीतले काही जण म्हणतात, "अण्णांना हवं तेवढं बरोबर दिसतं." परवा म्हणाले, खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, माणसं बसलीत. तिथे कुणीच नव्हतं. आई घाबरून गुरवाकडे गेली. नजर गेलीच तर कशाला, म्हणून तिने डोळ्यांत औषध घालणंही थांबवलंय. दिव्यांगाच्या दाखल्यासाठी शिबिरात नेलं तर "अजून बऱ्यापैकी दिसतंय" म्हणून परत पाठवलं. दादा म्हणतो, डोंबिवलीला आणू, सोयी सगळ्या मुंबई-पुण्यालाच आहेत. गणपतीत सगळे जमू तेव्हा ठरवायचं आहे. तुम्हाला काय वाटतं? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी औषधाचं, कारण ते गणपतीपर्यंत थांबणारं नाही. आजच आईंना फोन करून थेंब पुन्हा सुरू करायला सांगा आणि किती दिवस खंड पडला ते डॉक्टरांना कळवा. काचबिंदूत डोळ्यातला दाब मागच्या शिरेला मारतो आणि मेलेली शीर जिवंत होत नाही. म्हणजे थेंब गेलेल्या नजरेसाठी नव्हतेच. उजव्या डोळ्यात जी उरली आहे, तिच्यासाठी आहेत. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून दिसायला लागेल, ही आशा घरात कुणी धरून बसलं असेल तर तीही सोडवा, कारण त्या आशेपायी बाकीची सगळी कामं खोळंबतात.

थेंब अण्णांनी स्वतःच घालावेत. आडवं पडायचं, बाटली धरलेल्या हाताचा आधार कपाळावर घ्यायचा, खालची पापणी ओढून एक थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं आणि डोळ्याला कमी मिळतं. दोन औषधं असतील तर मध्ये किमान ५ मिनिटं जाऊ द्या. लगेच दुसरा घातला तर तो पहिल्याला धुऊन काढतो. रात्रीच्या बाटलीला एक रबरबँड, सकाळ-संध्याकाळच्या बाटलीला दोन. उघडलेली बाटली महिन्याने टाकायची, त्यात औषध उरलं असलं तरी.

आता एस्टी आणि घागर. काचबिंदूत नजर साधारणपणे कडेने जायला लागते आणि मधला तुकडा शेवटपर्यंत टिकतो. अण्णा सध्या नळीतून पाहिल्यासारखं बघत असणार: समोरून येणारी गाडी त्या नळीत मावते, पायाजवळची घागर मावत नाही. संध्याकाळी उजेड कमी झाला की आणखी कठीण, आणि भजन रात्रीचं. हे वाडीतल्या लोकांना एकदा नीट सांगायलाच हवं. उरलेली नजर हे ढोंग आहे असा एकदा समज झाला की मग मदतीला कुणी पुढे येत नाही, आणि चिडून माणूसही मदत मागत नाही.

शिबिरात दाखला हुकला तोही याच कारणाने. तिथे बहुतेक नुसता अक्षरांचा तक्ता वाचून घेतला असेल. मधली नजर शाबूत असेल तर माणूस तक्ता वाचून दाखवतोच. पण २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेची रुंदीसुद्धा मोजली जाते: चांगल्या डोळ्याचं दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तर ती अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व, मग मधली अक्षरं दिसोत की न दिसोत. यासाठी पेरिमेट्री, म्हणजे बोलीत 'फील्ड टेस्ट', लागते. चिपळूण किंवा रत्नागिरीच्या मोठ्या नेत्र रुग्णालयात ती होते. यंत्रात डोकं ठेवून प्रकाशाचे ठिपके दिसले की बटण दाबायचं असतं. थकलेला माणूस चुकीची बटणं दाबतो आणि अहवाल 'अविश्वसनीय' म्हणून निरुपयोगी ठरतो. म्हणून पहाटेची एस्टी धरून, उपाशीपोटी नेऊन ही चाचणी करू नका. आदल्या दिवशी मुक्कामाला जा.

तो अहवाल हातात आला की स्वावलंबन कार्डाच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, सरकारी पोर्टलवर अर्ज भरा. तुम्ही डोंबिवलीतून भरू शकता: आधार, फोटो, सही किंवा अंगठा, आणि जिल्ह्यातलं तपासणीचं रुग्णालय निवडायचं. अर्जाला पैसे लागत नाहीत. नोंदणी क्रमांक मिळाला की रुग्णालयात फोन करून नेत्रतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते विचारा, कारण दाखल्यांचे वार ठरलेले असतात आणि चुकीच्या वारी गेलात तर गुहागर-रत्नागिरी हेलपाटा फुकट. डॉक्टरांसमोर पेरिमेट्रीचा कागद सर्वांत वर ठेवा आणि तोंडानेही सांगा, "फील्ड कमी आहे." दाखला कायमस्वरूपी मागा, तात्पुरता दिला तर मुदत संपली की पुन्हा हाच सगळा फेरा. एक डोळा गेलेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर ३० टक्केच मिळतात आणि बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. अण्णांचा उजवा डोळाही अरुंद झालेला असल्याने आकडा त्याच्या बराच वर जायला हरकत नाही, पण तो कागदावर दिसला पाहिजे.

४० टक्क्यांच्या पुढे एस्टीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत. ६५ टक्क्यांच्या पुढे सोबत्यालाही निम्मं भाडं. रेल्वेची सवलत वेगळी, तिची अट कडक आणि नमुना रेल्वेचा, तेव्हा ती आत्ता डोक्यात घेऊ नका. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी ६५ वर्षं पूर्ण व्हायच्या आत करा, त्यानंतर योजना आणि टेबल दोन्ही बदलतं. अण्णा तुमच्यावर किंवा दादांवर अवलंबून असतील आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल, तर ७५ हजारांची वजावट, ८० टक्के दिव्यांगत्वाला १ लाख २५ हजारांची. पांढरी काठी आणि इतर साधनं केंद्राच्या योजनेतून शिबिरांत मोफत मिळतात. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात नाव नोंदवून ठेवा.

आणि एक पैसा असा आहे की जो गावातच पडून असतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या शेवटी घाईघाईने काहीतरी वाटून तो संपवला जातो. तुम्ही अण्णांच्या नावाने लेखी अर्ज द्या की पाखाडीला एका बाजूने कठडा हवा, पोच घ्या, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडायला वाडीतलं कुणीतरी उभं करा. पाखाडी सगळ्यांची आहे. गुडघेदुखीवाले, पोटुशी, डोक्यावर भारा घेतलेल्या, सगळ्यांनाच कठडा हवा असतो, मागायला कुणी जात नाही.

कठडा मंजूर झाला तर बांधणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. उंची ८५ ते ९० सेंटिमीटर, मध्ये कुठेही न तुटता सलग, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे किमान ३० सेंटिमीटर आडवा. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं आणि हमखास विसरलं जाणारं: कठडा पायरीबरोबर संपला की हात सांगतो "संपलं" आणि पायाखाली अजून एक पायरी असते. खाऱ्या हवेत लोखंडी पाइप दोन-तीन पावसांत सोलायला लागतो आणि तळहाताला पापुद्रे लागतात. दरवर्षी दिवाळीनंतर घासून रेड ऑक्साइड आणि वर रंग, हे कुणाकडे तरी नेमून द्या.

कठडा होईल तेव्हा होईल, पायऱ्यांचं काम आत्ता करता येतं. अण्णांना उजव्या डोळ्याने रंग कळतात, तर प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंची पिवळा पट्टा द्या, वरच्या बाजूलाही आणि समोरच्या उभ्या बाजूलाही. ओल्या चिऱ्यावर रंग धरत नाही, पहिल्याच पावसात साली निघतात. पाऊस गेल्यावर कडेला सिमेंटचा पातळ गिलावा, तो वाळू द्यायचा, मग प्राइमर आणि रंग. तोवर पावसाळ्यात शेवाळ हाच मोठा शत्रू. आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं. शेवाळ पांढऱ्या काठीलाही कळत नाही. काठी खड्डा सांगते, कड सांगते, घसरण सांगत नाही.

पांढरी काठी घ्याच, आणि आधाराची काठी तिच्या जागी वापरू देऊ नका. दोघींचं काम वेगळं. पांढरी काठी पुढचं पाऊल कुठे पडणार ते आधी चाचपते, म्हणून ती लांब हवी: ताठ उभं राहिल्यावर टोक जमिनीला आणि मूठ छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी. हात बेंबीसमोर, टोक जमिनीवर, खांद्यांच्या रुंदीपेक्षा दोन बोटं जास्त असं डावी-उजवीकडे. उजवा पाय पुढे तेव्हा काठी डावीकडे, डावा पुढे तेव्हा उजवीकडे. म्हणजे जिथे पुढचा पाय पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. पायरी उतरताना टोक कडेपर्यंत सरकवायचं, खाली सोडून खोली पाहायची, मग पाय. पाखाडीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून दर पायरीला खोली पाहायचीच, अंदाज नको. साधं अणकुचीदार टोक चिऱ्यांच्या सांध्यात अडकतं आणि मूठ पोटात बसते. तुम्हाला फिरतं, गोळ्यासारखं टोक हवं. ते झिजतं, जास्तीची दोन आणून ठेवा. घडीच्या काठीच्या आतलं लवचीक दोर वाळू आणि खाऱ्या पाण्याने लवकर जातं, समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

काठीला डोक्याच्या पातळीवरचं काही कळत नाही. पडवीची वळचण, वाकलेली झावळ, आणि सर्वांत वाईट म्हणजे खळ्यात आडवी बांधलेली कपड्यांची दोरी. ती आजच काढून भिंतीकडेला न्या. अण्णांना पुढे पट्टी असलेली टोपी घालायची सवय लावा. कपाळाआधी टोपी आपटते. पावसात छत्री नको, एक हात जातो आणि छत्रीवरच्या आवाजात ऐकू येणारं सगळं बुडतं. रेनकोट, पण कान उघडे ठेवून, वर तीच टोपी.

पडवीपासून न्हाणीघरापर्यंत कमरेच्या उंचीवर दोरी बांधा. नायलॉनची, बोटभर जाडीची. सुंभ पावसात कुजतं आणि हाताला टोचतं. पायरीपाशी एक गाठ, दारापाशी दोन. विहिरीचा कठडा कमरेपर्यंत आहे का ते पाहा, आणि बेड्याचे, म्हणजे कुंपणाच्या फाटकाचे, बांबू एकतर पूर्ण लावलेले किंवा पूर्ण काढलेले; अर्धे लावलेले कधीच नाहीत. घरातल्या दारांचंही तेच: अर्धवट उघडं दार नाकावर बसतं.

गणपतीला तुम्ही सगळे जाणार म्हणता, तर हे लक्षात असू द्या. मखरासाठी ओटीवरचं सामान माजघरात जातं, चाकरमान्यांच्या बॅगा वाटेत पडतात, चपलांचा ढीग पायरीवर, मुलं पाट कुठेही टाकतात. अण्णांनी वर्षभर पायाखाली पाठ केलेलं घर एका दिवसात उलटंपालटं होतं, आणि मग ते एका खुर्चीत बसून राहतात. बॅगा एका खोलीत, चपला खळ्याच्या एका कोपऱ्यात, आणि जे हलवाल ते अण्णांचा हात त्यावर ठेवून दाखवा. सांगून भागत नाही, हात लावू द्या.

त्याच दिवसांत वाडीतल्या चार-पाच जणांना ओटीवर बोलावून नेण्याची पद्धत शिकवा. दंड धरून ओढायचं नाही. आपला हात पुढे करायचा, अण्णा कोपराच्या वर धरतील आणि अर्धं पाऊल मागून चालतील. आपलं शरीर वर-खाली झालं की त्यांना पायरी आपोआप कळते. तरी "पायरी खाली" म्हणायचं, नुसतं "सांभाळून" नाही, त्यातून काहीच कळत नाही. पाणंद अरुंद झाली की आपला हात पाठीमागे न्यायचा, ते आपल्या मागे येतील. बसवायचं झालं तर खांदे दाबू नका, त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा. आल्यावर नाव सांगायचं, "ओळखा पाहू कोण" हा खेळ बंद. निघताना "मी निघालो" म्हणायचं, नाहीतर माणूस रिकाम्या ओटीशी बोलत राहतो.

जेवणाला घड्याळाची भाषा: भात ६ वाजता, भाजी ९ वाजता, सोलकढीची वाटी २ वाजता. पांढरा भात स्टीलच्या ताटात हरवतो, गडद रंगाचं ताट आणा. मासे बंद करू नका, उगीच माणूस हिरमुसतो. सुरमई आणि पापलेट सोपे. बांगड्याचा मधला काटा काढून तुकडी द्या. पेडवे-तारली बारीक काट्यांची, ती आईंनी सोलून द्यावी. बाकी सगळं त्यांनी स्वतः वाढून घ्यावं. आमटीच्या वाटीच्या आत बोटाचं पेर लटकवलं की भरल्याचं कळतं. आईंना हे पाहवणार नाही, सांडेल, पण "तुम्ही बसा, मी देते" यानेच माणूस खुर्चीला चिकटतो.

भजन सुटण्याचं कारण अपुरा उजेड आहे, मन नाही, असं धरून चाला. देवळाकडे जाणारा कुणीतरी त्यांच्या बेड्यावरून जातच असेल. त्यानेच रोज हाक मारावी, त्यानेच परत आणून सोडावं, आणि परतीची वेळ नक्की असावी. "येणार का?" नको, "चला" म्हणावं. पुढ्यात पुस्तक नको, हातात टाळ द्या. नवी चाल असेल तर बुवांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवावी.

खळ्यातली माणसं. नजर बरीच गेलेल्या लोकांना नसलेल्या गोष्टी दिसणं हे डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. स्विस निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बोने याने अठराव्या शतकात आपल्या आजोबांच्या बाबतीत ते लिहून ठेवलं आणि त्याचंच नाव त्याला मिळालं. डोळ्यांकडून चित्र येईनासं झालं की मेंदू स्वतःचंच काहीतरी उभं करतो. माणसं, नक्षी, चेहरे. पण ती बोलत नाहीत आणि थोड्या वेळाने ती खरी नाहीत हे बघणाऱ्याला कळतं. दिवा लावायचा, डोळे भराभर डावी-उजवीकडे फिरवायचे, उठून दोन पावलं चालायचं; बहुधा विरतं. आईंनी कौल लावला असेल तर लावू दे, त्यावरून वाद नको, पण अण्णांना हे नक्की सांगा. अनेक जण वेड लागलं म्हणतील या भीतीने तोंड उघडत नाहीत. आवाजही ऐकू येत असतील किंवा दिवस-वेळेचा घोळ होत असेल, तर मात्र लगेच डॉक्टर.

पैशाचा व्यवहार अण्णांकडेच ठेवा, विशेषतः सुपारीचा. ५००च्या नोटेवर उठावाचा गोल आणि कडेला ५ तिरप्या रेघा. २०० ला ४ रेघा आणि मध्ये दोन ठिपके. १०० ला त्रिकोण आणि ४ रेघा. लांबीत फरक फक्त ४-४ मिलिमीटरचा, तो एकट्या नोटेवरून कळत नाही, आणि मळक्या नोटांचे उठाव बसून जातात. म्हणून ५०० ची घडी उभी, १०० ची आडवी, अशी सवय. रिझर्व्ह बँकेचं 'मणी' ॲप इंटरनेटशिवाय नोट ओळखून सांगतं. बँकेत कुणी "अंगठा द्या, चेकबुक मिळणार नाही, जोडखातं करा" म्हणालं, तर २००८ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे की दृष्टिहीन ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर यांपैकी काहीही नाकारता येत नाही. सहीसाठी पुठ्ठ्यात सहीएवढी खिडकी कापून द्या.

मोबाइलची घाई नको. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबली की टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू होते आणि मग एकदा टेकवलं की नाव बोलतं, दोनदा टेकवलं की उघडतं. आधी बंद कसं करायचं ते शिकवा, मग सुरू करायला. मराठी आवाज डोंबिवलीतच वायफायवर उतरवून न्या, गावात रेंजवर ते रखडतं. तोवर बटणांचा फोन पुरतो. ५ च्या बटणावर उंचवटा असतो, त्यावरून सगळे आकडे सापडतात.

आता दादांचं म्हणणं. अण्णांना डोंबिवलीला कायमचं आणू नका, निदान आत्ता नाही. विहीर, आगर, देऊळ त्यांच्या पायाला पाठ आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांना दाराबाहेरचं काहीच पाठ नसेल आणि ते दिवसभर टीव्हीसमोर बसतील. पण गणपतीनंतर काही दिवस जरूर आणा. वरळीला नॅबचं, म्हणजे १९५२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंध संघटनेचं, मुख्य कार्यालय आहे. काठीने चालण्याचं शिक्षण प्रशिक्षकाकडूनच घ्यावं. वर लिहिलेलं वाचून पाखाडीवर पहिला प्रयोग नको. आधी फोन करून वेळ ठरवा, आणि आईंना बरोबर आणा, म्हणजे मदत कुठे थांबवायची ते त्याही शिकतील.

येताना पेरिमेट्रीचा अहवाल आणा, आणि त्याच फेरीत तुम्ही व दादा दोघांनीही डोळ्यांचा दाब आणि मागची शीर तपासून घ्या. काचबिंदू घराण्यात चालतो, सुरुवातीला दुखत नाही, आणि चष्म्याच्या दुकानातल्या तपासणीत कळत नाही. अण्णांच्या भावंडांनाही हेच कळवा.